भट्टीने ठरवलेले फूल

मुंबई–कोलकाता महामार्गावरच्या लाखनीसारख्या तालुक्याच्या गावी भांड्यांच्या दुकानात आज चार वेगवेगळ्या पदार्थांची पांढरी भांडी एकाच फळीवर दिसू शकतात. जाडजूड स्टोनवेअरचे मग, पातळ बोन चायनाचा चहाचा सेट, ओपल काचेचा डिनर सेट आणि मेलामाईनच्या ताटल्या. पहिली दोन माती भाजून केलेली, तिसरी चक्क काच, चौथे प्लॅस्टिकचे भावंड. घडण, वजन, किंमत, आयुष्य, सगळ्यांत फरक आहे. तरी चौघांवरही बहुधा तेच असते: गुलाबी गुलाबाचा गुच्छ, त्याला लगटून निळी बारीक फुले, वळणदार हिरवी पाने आणि काठाला सोनेरी रेघ. ही फुले कोणाच्या आवडीने आली, असे विचारले तर सहसा दोन उत्तरे मिळतात. एक, ही विलायती अभिरुची आहे आणि आपण तिची नक्कल केली. दुसरे, फूल सर्वांनाच आवडते, त्यात कारण काय शोधायचे? दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. चिनी मातीच्या भांड्यावर कोणते फूल, कोणत्या रंगात, कोणत्या जागी आणि किती दाट उमटेल, हे मुख्यतः भट्टीच्या उष्णतेने आणि छपाईच्या खर्चाने ठरवले. चित्रकाराच्या आणि गिऱ्हाइकाच्या आवडीला त्यातून उरलेल्या जागेत निवड करता आली. हे या प्रकरणाचे प्रतिपादन आहे. ते पटले, तर फुलाकडे पाहून भांडे कशाचे आहे आणि कसे घडले आहे, हे बरेचसे ओळखता येते.

लाखनीचा उल्लेख केवळ उदाहरणाला नाही. हा सगळा भंडारा जिल्हा पितळेचा. भंडारा शहराची ओळखच पितळी भांड्यांनी झालेली आहे आणि स्टील येईपर्यंत या भागातल्या घरांत पाण्याचा गुंड, पितळी गंज, काशाची ताटली यांचेच राज्य होते. या भांड्यांवर नक्षी नव्हती असे नाही. ठोक्यांच्या खुणांची शोभा होती, कोरलेली वेल होती, टिंबाटिंबांनी घातलेले मालकाचे नाव होते. नव्हता तो रंग. याचे कारण सौंदर्यदृष्टीत नाही, घासण्यात आहे. पितळ रोज चिंचेने आणि राखेने घासावे लागते. तसे केले नाही तर ते काळवंडते, आणि कल्हई उडाली असेल तर आंबट पदार्थ कळकतो. रोज राखेची घासणी सोसणाऱ्या पृष्ठभागावर रंग टिकणार कसा? टिकते ते फक्त धातूत खोल गेलेले चित्र, म्हणून पितळेवरचे फूल कोरीव आणि एकरंगी राहिले. खाण्यापिण्याच्या भांड्यावर रंगीत फूल टिकायचे असेल तर त्याच्यावर काचेसारखे कवच हवे किंवा ते फूलच काचेचे हवे. ही सोय चिनी मातीने दिली. लोखंडी पत्र्यावर काचेचा लेप भाजून केलेल्या इनॅमलच्या थाळ्यांवरही रंगीत फुले आली, असा आक्षेप कोणी घेईल. पण तो आक्षेप नसून पुरावा आहे. तिथेही फूल टिकवले ते वितळून चिकटलेल्या काचेने. खाली माती होती की लोखंड, एवढाच फरक.

आता या काचेची आणि उष्णतेची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अस्सल चिनी मातीचे, म्हणजे पोर्सेलीनचे भांडे मुख्यतः तीन घटकांतून होते: केओलिन ही पांढरी माती, फेल्डस्पार आणि गारगोटी. साधारण १३०० ते १४०० अंश सेल्सियसला फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो, बाकीच्या कणांना बांधून घेतो आणि त्या काचेत म्युलाईट नावाच्या खनिजाचे सुईसारखे स्फटिक वाढतात. भांड्याचा कणखरपणा, नखाने वाजवल्यावर येणारा टणत्कार आणि उजेडासमोर धरल्यावर दिसणारी पारदर्शकतेची झाक यांचे मूळ या घडामोडीत आहे. गंमत अशी की म्युलाईट देणारी दोन खनिजे लाखनीच्या परिसरात जमिनीतच आहेत. साकोली समूह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन खडकांत पोहऱ्याजवळ सिलिमनाईट सापडते आणि याच जिल्ह्यातल्या दहेगावच्या पट्ट्यात कायनाईटची खाण आहे. खूप तापवल्यावर दोन्हींचे रूपांतर म्युलाईटमध्ये होते. मग इथे कपबशा का झाल्या नाहीत? कारण या खनिजांना घाटदार भांड्यासाठी लागणारा मऊपणा नाही. ती उष्णता सोसणाऱ्या विटांसाठी, भट्टीच्या अस्तरासाठी, भट्टीत भांडी ठेवायच्या फळ्यांसाठी कामाची. म्हणजे इथला दगड भट्टी बांधण्याच्या योग्यतेचा आहे, भट्टीत घालायच्या मातीच्या योग्यतेचा नाही. नुसते खनिज असून उद्योग उभा राहत नाही. योग्य माती, स्वस्त इंधन आणि तापमानावर ताबा हे तिन्ही एकत्र यावे लागतात.

या तापमानात रंगांचे काय होते, इथपासून फुलांचा इतिहास सुरू होतो. बहुतेक रंग १३०० अंशांना जळतात, उडून जातात किंवा काचेत विरघळून मळकट होतात. वनस्पतीजन्य रंगांचा तर प्रश्नच नाही. धातूंच्या संयुगांपैकी लोखंड हिरवट किंवा तपकिरी छटा देते. तांबे लाल देऊ शकते, पण भट्टीतली हवा जरा बिघडली की करडे पडते. भरवशाने टिकतो तो कोबाल्टचा निळा. म्हणून चौदाव्या शतकात चीनमधल्या जिंगदेझेनच्या कारागिरांनी पांढऱ्या अंगावर कोबाल्टने चित्र काढून, वर झिलईचा लेप देऊन, सगळे एकाच दमात भाजण्याची पद्धत पक्की केली. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या ‘डेव्हिड व्हाजेस’ नावाच्या जोडीवर १३५१ सालचा लेख आहे; त्यांवर ड्रॅगनसोबत कमळाच्या, शेवंतीच्या आणि पिओनीच्या वेली निळ्या रंगात आहेत. त्या काळचा उत्तम कोबाल्ट इराणच्या बाजूने येत असे. कमळ निळे नसते आणि पिओनी तर नसतेच नसते. तरी ती निळी झाली, कारण त्या तापमानात दुसरा पर्याय नव्हता. पुढे जगाला हीच निळी-पांढरी जोडी अभिजात वाटू लागली. सक्तीतून आलेली गोष्ट सवयीने शैली होते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण भांड्यांच्या जगात सापडणे कठीण.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. चिनी परंपरेत फुलांना अर्थ आहेत: पिओनी म्हणजे ऐश्वर्य, कमळ म्हणजे निर्मळता, शेवंती म्हणजे शरद आणि दीर्घायुष्य. मग फुलांची निवड संस्कृतीने केली असे का म्हणू नये? फुलाची जात संस्कृतीने निवडली, हे मान्यच आहे. पण त्या फुलाचे रूप, म्हणजे वेलीत गुंफलेले, बाह्यरेषेने बांधलेले, एकाच रंगाच्या दाट-फिकट छटांनी भरलेले, हे कोबाल्टने ठरवले. झिलई वितळताना कोबाल्ट थोडा पसरतो. नाजूक छटांची, मोठ्या मोकळ्या पाकळ्यांची चित्रे त्यात फुटतात. जाड वळणदार रेषेची वेल मात्र थोडी पसरली तरी शोभून दिसते. याचा पडताळा पाहायचा असेल तर तंत्र बदलल्यावर काय झाले ते पाहावे, कारण तेव्हा संस्कृती तीच होती.

तंत्र बदलले ते दुसऱ्या भाजणीने. भांडे एकदा पूर्ण भाजून, झिलई चढवून झाल्यावर, झिलईच्या वर काचेच्या भुकटीत मिसळलेले रंग लावायचे आणि पुन्हा साधारण ७०० ते ८५० अंशांना तापवायचे. एवढ्या कमी उष्णतेत पुष्कळ रंग तगतात: पिवळा, हिरवा, जांभळा, लोखंडी लाल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्यात गुलाबी आला. हा गुलाबी सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा. सोने विरघळवून त्याचे असे कण काचेत पसरवले की ती सोनेरी न दिसता माणकासारखी दिसते. सतराव्या शतकात युरोपातल्या रसायनकारांना ही किमया साधली होती. गुलाबीबरोबर अपारदर्शक पांढराही आला, आणि दोहोंच्या मिश्रणातून प्रथमच पाकळीवर देठाकडून टोकाकडे उतरत जाणारी छटा रंगवता येऊ लागली. त्याबरोबर चिनी भांड्यावरचे फूल पालटले. वेल मागे पडली; एकेक पिओनी मोकळ्या पांढऱ्या जागेत, छटांसह, जणू बागेतून खुडून ठेवल्यासारखी दिसू लागली. मधल्या काळात फुलांचे सांकेतिक अर्थ बदलले नव्हते. बदलली होती भट्टी. वरच्या आक्षेपाचे उत्तर यातच आहे.

युरोप हीच वाट उलट्या क्रमाने चालला. सॅक्सनीच्या शासकाच्या पदरी असलेल्या योहान फ्रीडरिख ब्योटगरने १७०८च्या सुमारास कठीण पोर्सेलीनचे गुपित उलगडले आणि १७१० साली मायसेनचा कारखाना सुरू झाला. माती साधली, पण झिलईखालचा निळा तिथे बराच काळ नीट साधेना. उलट १७२० साली आलेल्या हेरोल्ट या चित्रकाराने झिलईवरच्या रंगांचा मोठा संच तयार केला. त्यामुळे मायसेनची सुरुवातीची प्रसिद्ध फुले बहुरंगी आहेत. आधी चिनी-जपानी वळणाची, पुढे १७४०च्या आसपास युरोपीय वनस्पतींच्या छापील चित्रांवरून घेतलेली. ताटलीभर विखुरलेली सुटी फुले आणि मधूनच एखादा किडा किंवा फुलपाखरू ही मायसेनची ओळखच झाली, आणि ती आजही ओपल काचेच्या सेटांवर दिसते. ही विखुरलेली मांडणी निव्वळ लहर नव्हती. भट्टीतून आलेल्या भांड्यावर राखेचा ठिपका, झिलईतला बारीक खड्डा असे दोष राहत. महागडे भांडे फेकून देण्यापेक्षा दोषावर कळी किंवा किडा रंगवणे परवडे. पुढे निळा साधल्यावर १७३९-४०च्या सुमारास मायसेनने चिनी नमुन्यावरून जी निळी नक्षी केली, तिच्यातली डाळिंबे आणि पीच फळे तिथल्या लोकांना ओळखू आली नाहीत. त्यांना ते कांदे वाटले आणि नक्षी ‘ब्लू अनियन’ नावाने जगभर गेली. अर्थ गळून पडला, आकार तेवढा टिकला. कारण तो आकार निळ्या रंगात चांगला उठत होता.

याला छेद देणारे एक मोठे उदाहरण आहे, आणि ते टाळून चालणार नाही. कोपनहेगनच्या राजेशाही कारखान्यात १७९० ते १८०२ या काळात ‘फ्लोरा डानिका’ नावाचा भोजनसंच तयार झाला. डेन्मार्कच्या राज्यातल्या वनस्पतींवरच्या सचित्र ग्रंथातून एकेक वनस्पती, मुळापासून बियांपर्यंत, शास्त्रीय नावासह, एकेका भांड्यावर रंगवली गेली. सुमारे १,८०० नग झाले आणि बारा वर्षे लागली. इथे तंत्राने काय ठरवले? इथे चित्रकारानेच ठरवले, यात शंका नाही. पण त्याची किंमत पाहा. हे काम राजा करवू शकला. त्याच कारखान्याने १७७५पासून चालवलेली, शेवंतीवरून सुचलेली साधी निळी नक्षी आजही चालू आहे, कारण ती ठरावीक कुंचल्याच्या ठरावीक फटकाऱ्यांनी होते आणि तिच्या रंगाला झिलईपेक्षा वेगळी भाजणी लागत नाही. चित्रकाराला पूर्ण मोकळीक मिळाली की संग्रहालयाची वस्तू तयार होते. घराघरात पोचणारे फूल मात्र खर्चाच्या चौकटीतून जाते.

ही चौकट छपाईने आणखी घट्ट केली. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी १७५६ साली प्रतिज्ञेवर सांगितले की दोघांनी मिळून सहा तासांत १,२०० हून अधिक टाइलांवर चित्रे छापली. म्हणजे मिनिटाला तीनपेक्षा जास्त. रीत अशी: तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, त्यात तेलकट रंग भरायचा, पातळ कागदावर ठसा घ्यायचा, तो ओला ठसा भांड्यावर चेपून बसवायचा आणि कागद धुऊन काढायचा. १७८४च्या सुमारास जोसाया स्पोडने हीच छपाई झिलईखाली निळ्या रंगात पक्की केली. सपाट कागद गोल भांड्यावर चढवायचा म्हणजे तो कापून जोडावा लागतो आणि जोड दिसतो. तो झाकण्याचा सोपा उपाय म्हणजे काठाला पाना-फुलांची दाट पट्टी. वेलीत कुठे तुटले ते चटकन कळत नाही. भूमितीच्या रेषेत किंवा मानवी आकृतीत लगेच कळते. इंग्रजी निळ्या भांड्यांच्या काठांना गच्च फुलांची महिरप का असते, याचे एक मोठे कारण हे आहे. विसाव्या शतकात, १९२८पासून, रॉयल विंटनच्या नावाने निघालेल्या भांड्यांनी तर काठच नव्हे, किटलीच्या चोचीपासून कानापर्यंत अख्खे अंग फुलांनी भरून टाकले. दाट फुलांच्या कागदाचे तुकडे कसेही जोडले तरी चालून जातात.

या गच्च फुलांच्या भांड्यांना कापडाचा वारसा आहे आणि ते कापड आपल्याकडचे. कोरोमंडल किनाऱ्यावर, मच्छलीपट्टणच्या बाजूला, नीळ आणि चायमुळीच्या तांबड्याने रंगवलेली छिटे सतराव्या शतकात युरोपात इतकी खपली की फ्रान्सने १६८६ साली आणि इंग्लंडने १७०० व १७२१ साली त्यांच्यावर कायद्याने बंधने आणली. धुऊनही न उतरणारा पक्का रंग हे त्या छिटांचे बळ होते. त्यांवरची भरगच्च वेल, न मिटणारी फुले, एकाच फांदीला वेगवेगळ्या जातींचे बहर, ही मांडणी युरोपीय पडद्यांवरून, भिंतीच्या कागदांवरून पुढे कपबशीवर उतरली. म्हणून ‘विलायती गुलाब’ या शब्दप्रयोगावर संशय घ्यायला हवा. पण उलट टोकाला जाऊन हे फूल भारतीयच आहे असेही म्हणता येणार नाही, कारण युरोपचे व्यापारी इथल्या छिपांना स्वतःकडचे नमुने पाठवत आणि इथले कारागीर त्यात आपले मिसळत. त्यामुळे या फुलाचा जन्मदाखला कोणत्याही एका देशाच्या नावावर करता येत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाच्या संग्रहातली चिनी आणि जपानी भांडी आहेत. कँटनशी व्यापार करणाऱ्या पारशी घरांत अशी भांडी आणि चिनी फुलांचे भरतकाम केलेल्या गारा साड्या एकाच काळात आल्या. तिथेही कापड आणि पोर्सेलीन हातात हात घालूनच चालले होते.

मुंबईत स्थानिक फुलांचा प्रयत्नही झाला. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली १८७०च्या दशकात मातीकामाची शाळा उभी राहिली आणि तिथलेच शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत असताना त्या चित्रांतली कमळे आणि वेलबुट्टी फुलदाण्यांवर उतरली. रचनेच्या दृष्टीने हे काम इंग्रजी गुलाबापेक्षा किती तरी जिवंत होते. तरी ते जेवणाच्या ताटात आले नाही. कारण अंग मऊ, कमी उष्णतेत भाजलेल्या मातीचे. शोभेला उत्तम, रोजच्या घासण्याला कच्चे. दुसऱ्या बाजूला गणपुले या मराठी उद्योजकाने सौराष्ट्रातल्या थानगढला परशुराम पॉटरी वर्क्स उभी केली. पुढे उत्तर प्रदेशातले खुर्जा, कोलकात्याच्या बंगाल पॉटरीज आणि नंतर जयपूरचे बोन चायनाचे कारखाने यांनी देशी बाजार भरला. यांतल्या बहुतेकांनी नव्या फुलांपेक्षा प्रचलित फुलांचे तयार छापील कागद वापरणे पसंत केले. या कागदांवर सगळे रंग एकदम छापलेले असतात. पाण्यात भिजवले की चित्राचा पापुद्रा सुटतो, भांड्यावर सरकवून बसवता येतो आणि एका सौम्य भाजणीत पक्का होतो. जगातल्या सर्वांत खपलेल्या नक्षींपैकी एक, रॉयल अल्बर्टची ‘ओल्ड कंट्री रोझेस’, हॅरल्ड होल्डक्रॉफ्ट यांनी १९६२ साली अशाच छापील कागदांच्या युगात रचली. तिचे दहा कोटींहून अधिक नग विकले गेले. दुकानातले गुलाब कोठून आले, याचे जवळचे उत्तर हे.

आता दुसरा, अधिक टोकदार आक्षेप. भट्टी आणि छपाई ठीक; पण महाराष्ट्रातल्या घरात कपबशी आली ती समाजाच्या मार्गाने, त्यात तंत्राचा काय संबंध? चहा हे तिचे वाहन होते. १९०३ साली चहावर उपकर बसला, त्या पैशातून प्रचार झाला आणि १९३०च्या दशकात चहा स्थानकांवर, बाजारांत, गिरण्यांच्या वस्तीत पोचला. पितळी पेला कढत चहाने ओठ भाजतो, कप भाजत नाही. बशीत ओतला की चहा लवकर निवतो. सोवळ्या घरांनी चिनी मातीला बराच काळ लांब ठेवले, कारण ती धातूसारखी राखेने किंवा विस्तवाने शुद्ध करता येत नाही, अशी समजूत होती. आणि हॉटेलांत दलितांसाठी वेगळी, बहुधा कान तुटलेली कपबशी बाहेर ठेवण्याची चाल तर इतकी सर्रास होती की १९५५च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमात सार्वजनिक उपाहारगृहातली भांडी वापरण्यास मज्जाव करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवावा लागला. हे सारे खरे आहे आणि कोणत्याही भट्टीच्या हिशेबापेक्षा महत्त्वाचे आहे. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोणाच्या हाती कोणता कप द्यायचा, हे जातीने आणि पैशाने ठरवले. पण ‘चांगला’ कप आणि ‘साधा’ कप यांतला दिसणारा फरक भाजणीच्या फेऱ्यांतून आला. एकदाच भाजलेला, तपकिरी-पांढऱ्या झिलईचा नग सर्वांत स्वस्त. लोणच्याची बरणी त्याच वर्गातली, म्हणून तिच्यावर फूल नाही. पांढरा कप त्याच्या वर. फूल चढवायला आणखी एक भाजणी. सोनेरी काठ हवा तर बहुधा तीही वेगळी. प्रत्येक फेरीला इंधन, मजुरी आणि फुटतूट. पाहुण्यांसाठी कपाटात राखलेल्या सेटाचा मान म्हणजे जादा भाजणीचा खर्च, जो डोळ्यांना फुलाच्या रूपात दिसतो. समाजाने ही श्रेणी वापरली, पण तिची पायरी भट्टीने बांधून दिली होती.

तिसरा आक्षेप आजचा आहे आणि तो प्रतिपादनाची मर्यादा दाखवतो. ओपल काच ही माती नाहीच. काचेत फ्लोराइडची संयुगे मिसळून तयार होणारे सूक्ष्म स्फटिक उजेड विखुरतात म्हणून ती दुधासारखी दिसते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ला ओपाला या कंपनीने आजच्या झारखंडातल्या मधुपूरला तिचे उत्पादन सुरू केले आणि हलक्या, स्वस्त, सहसा न फुटणाऱ्या या भांड्यांनी लाखनीसारख्या गावांतल्या लग्नाच्या आहेरात पोर्सेलीनला मागे टाकले. तिच्यावरचे चित्र ६०० अंशांच्या आसपास पक्के होते. मेलामाईनमध्ये तर छापील कागदच पारदर्शक रेझिनखाली साच्यात दाबतात आणि तापमान दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या घरात राहते. इतक्या कमी उष्णतेत जवळजवळ कोणतीही छटा टिकते. पळस छापा, मोहाची फुले छापा, धानाच्या लोंब्या छापा. भट्टी आड येत नाही. मग अजूनही गुलाबच का? इथे मान्य करावे लागते की तंत्राने नक्षी जन्माला घातली, पण तिला टिकवून धरले बाजाराने. दोनशे वर्षांत गुलाबी गुलाब आणि सोनेरी काठ ही महाग पोर्सेलीनची खूण झाली. स्वस्त पदार्थाला प्रतिष्ठा हवी असेल तर तो ती खूणच अंगावर घेतो. म्हणजे मेलामाईनवरचा गुलाब आता फुलाची नक्कल नाही, पोर्सेलीनची नक्कल आहे. याचाच अर्थ असा की आज विदर्भातल्या भांड्यावर विदर्भातले फूल न दिसण्याला तांत्रिक कारण उरलेले नाही. उरली आहे ती उत्पादकाची भीती आणि गिऱ्हाइकाची सवय.

या विचाराचा रोजच्या व्यवहारात उपयोग होतो. फुलावरून बोट फिरवावे. ते पृष्ठभागापेक्षा किंचित उंच लागले किंवा तिरप्या उजेडात त्याची चमक आजूबाजूपेक्षा वेगळी दिसली तर ते झिलईवरचे आहे. कमी उष्णतेत पक्के झालेले. अशा रंगांत पूर्वी शिसे आणि कॅडमियम असण्याची शक्यता मोठी असे, म्हणून चाचणी करताना भांड्यात ४ टक्के ॲसिटिक आम्ल चोवीस तास ठेवून किती धातू उतरतो ते मोजतात. घरच्यासाठी त्यातला धडा एवढाच: जुन्या, आतल्या बाजूला रंगीत फुले असलेल्या भांड्यात लोणचे, कढी, चिंचेचे सार साठवू नये, वाढायला हरकत नाही. फूल काचेच्या तळाशी बुडाल्यासारखे, कडा किंचित विरघळलेल्या आणि रंग निळा असेल, तर ते बहुधा झिलईखालचे. ते घासण्याने जात नाही. सोनेरी काठ असेल तर भांडे मायक्रोवेव्हमध्ये घालू नये, ठिणग्या उडतात. उजेडात धरल्यावर बोटांची सावली दिसली आणि रंगात दुधाळ ऊब असली तर ते बोन चायना असू शकते. त्याच्या पारंपरिक इंग्रजी मिश्रणात साधारण निम्मा भाग जनावरांच्या हाडांच्या राखेचा असतो, हे मांसाहार वर्ज्य असलेल्या घरांनी खरेदीआधी जाणून घ्यायला हवे.

चित्रकलेच्या इतिहासात फुलांची नक्षी ही बहुधा दुय्यम कला मानली गेली, कारण तिथे कलावंताचे मन शोधले गेले आणि ते सापडले नाही. भांड्यावरच्या फुलात ते शोधण्यात फारसे हशील नाही. तिथे शोधायचे ते असे: कोबाल्टची टिकाऊ निळाई, सोन्याचा गुलाबी, दोष झाकणारी कळी, जोड लपवणारी वेल, आणि शेवटी महागाची खूण मिरवणारा स्वस्त गुलाब. यांतली प्रत्येक गोष्ट कोणत्या तरी अडचणीवर काढलेला तोडगा आहे. पितळेच्या प्रदेशात हे समजायला सोपे जावे, कारण पितळेनेही आपली नक्षी राखेच्या घासणीशी तडजोड करूनच ठरवली होती. फरक इतकाच की पितळेच्या कारागिराला आपली अडचण ठाऊक होती आणि तिचा तोडगाही त्याच्याच हातचा होता. चिनी मातीच्या फुलाची अडचण जिंगदेझेनची, तोडगा लिव्हरपूलचा, आणि फूल मात्र आपल्या फळीवर. यापुढे कोणी भंडाऱ्यासाठी पळसाचा सेट काढायचे मनावर घेतले, तर त्याला अडवणारी अडचण भट्टीची नसेल. गिऱ्हाईक त्याला गुलाबाइतकी किंमत देईल का, हा प्रश्न त्याला सोडवावा लागेल, आणि तो दुकानातच सुटेल.